लंकेचा लेखी खुलासा

माघातला गुरुवार होता. सकाळी साडेआठला तात्या घराबाहेर पडले आणि नेहमीप्रमाणे पिशवी विसरले.

पोस्टात बत्तीस वर्षं काढून एकही रजिस्टर पत्र इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस स्वतःच्या खुंटीवरची पिशवी रोज विसरतो, याचा अर्थ तो ती मुद्दाम विसरतो, असं त्यांच्या मुलीचं मत होतं. पुढचं सगळं ठरलेलं असे. गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळापाशी पोचल्यावर तात्या थांबत, सावकाश वळत आणि चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारत, “लंके, पिशवी.”

लंका ओ देत नसे. घरात देई, रस्त्यावर नाही. नाशिकसारख्या गावात दर दहा पावलांवर रामाने काहीतरी केलेलं आहे. इथे बसला, तिथे नाहला, पलीकडे सोन्याच्या हरणामागे धावला. अशा गावात भर रस्त्यावर आपण लंका आहोत हे कबूल करायला जे धैर्य लागतं, ते तिच्यात सातव्या वर्षी नव्हतं आणि चौतिसाव्या वर्षीही आलं नव्हतं. ती मुकाट्याने टोकापर्यंत जाई, पिशवी तात्यांच्या हातात देई. तात्या म्हणत, “ऐकू आलं वाटतं.” ती म्हणे, “पिशवी दिली ना.”

एवढाच संवाद, पण तो वर्षानुवर्षं चालला होता. मधली सहा वर्षं तेवढी सोडायची. त्या सहा वर्षांत ती सासरी होती आणि सासरच्यांनी लग्नातच ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नाव बदलून जानकी लिहिलं होतं. नवरा गेल्यावर ती परत आली आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागली. शाळेच्या दप्तरी ती अजून जानकीबाई पिंगळेच होती. तिला लंका म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते नेमकं मोठ्या आवाजाचं होतं.

त्या गुरुवारी शाळेला कसलीशी सुट्टी होती. तात्या साडेअकराला परतले. पिशवीत हरभऱ्याचे घाटे होते आणि उजव्या हाताच्या बोटाला शाई होती. ही शाई वर्षातून एकदा, थंडी सरता सरता लागे, आणि दरवर्षी लंका त्यावरून बोले. पोस्ट सुटून सात वर्षं झाली तरी शाई सुटत नाही, असं ती म्हणाली. जुनी सवय, असं तात्या म्हणाले आणि त्यांनी बोट धोतराला पुसलं. त्यावरूनही ती बोलली.

घाटे सोलायला शेजारच्या कमळाबाई येऊन बसल्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड. बदलीमुळे त्या नुकत्याच मनमाडहून आल्या होत्या आणि नाशिकमधली प्रत्येक गोष्ट मनमाडशी ताडून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, की मुलीचं हे नाव कशावरून ठेवलं.

“चहावरून,” तात्या म्हणाले. “चांगला चहा लंकेतून येतो.”

कमळाबाईंना ते पटलं. लंकेच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. “तात्या, शाळेच्या इन्स्पेक्टरला तुम्ही भूगोलाची आवड सांगितलीत. सासरच्यांना सोन्याची नगरी सांगितलीत, आणि ते लोक सहा वर्षं सोन्याची वाट पाहत बसले. आज चहा. मला खरं कधी सांगणार?”

तात्यांनी एक घाटा सोलला, दाणा तोंडात टाकला. “रविवारी सांगतो.”

निवृत्त माणसाला सातही दिवस रविवारच असतात. तरी त्यांनी रविवार सांगितला, जणू मधल्या दिवसांत त्यांच्या भेटीगाठी ठरलेल्या होत्या. शुक्रवारी सकाळी ते पुस्तक मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसले होते. चहा निवला होता. लंकेने कप उचलला, मग परत खाली ठेवला. बोटावरची शाई तशीच होती.

रविवारी घरात पुष्कळ माणसं होती. कुणी काही सांगितलं नाही.

लंकेला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि हा राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. बत्तीस वर्षं टपाल वेळेवर पोचवणाऱ्याने एक निरोप चुकवावा, तोही घरातल्या घरात. तिने पुस्तकं वाचली होती, त्यांत अशा वेळी माणसं खिडकीशी उभी राहतात. तिने तात्यांची पुस्तकं मोजायला घेतली. दोनशे चाळीस भरली. तेव्हा तिने ठरवलं की सागवानी कपाट करून घ्यायचं, त्यात ही पुस्तकं लावायची आणि गल्लीच्या टोकाच्या विद्याविनोद वाचनालयाला द्यायचं. तात्या रोज तिथेच पेपर वाचत. वर एक ओळ लिहायची आणि संपलं. एवढं साधं काम होतं.

ती ओळ भद्रकालीतल्या सलाउद्दीनने रंगवली. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या गृहस्थाचं अक्षर इतकं गोल आणि सालस होतं, की त्याने काढलेली ‘थुंकू नये’ ही पाटीसुद्धा प्रेमळ वाटे. कपाटाच्या माथ्यावर त्याने काळ्या पट्ट्यावर पांढरं लिहिलं: ‘कै. धोंडीराम सखाराम वडनेरे यांच्या स्मरणार्थ, कन्या लंका हिजकडून.’ ते लिहून द्यायला लंकेला तीन कागद लागले होते. पहिल्या दोन कागदांवर तिने जानकी लिहिलं होतं. तिसऱ्यावर हात आपोआप दुसरीकडे वळला. जानकीला तात्यांनी कधी हाक मारली नव्हती. जानकीने दिलेलं कपाट तात्यांनी ओळखलं असतं की नाही, कोण जाणे.

हातगाडीवरून कपाट वाचनालयाच्या दारात आलं आणि अडकलं. दार लहान होतं. माथा काढला तर आत जाईल, असं हमालांचं मत पडलं. माथ्यावरच नाव होतं, त्यामुळे लंका नको म्हणाली. या वादावादीत वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब बाहेर आले, त्यांनी चष्मा वर करून माथा वाचला आणि मग दाराचा प्रश्न मागे पडला.

रावसाहेबांनी तिला समजावून सांगितलं. बाई, या गावात सीतागुंफा आहे. आणि समोर बघा, मारुती आहे. ज्याने ती एकदा जाळली, त्याच्या डोळ्यांपुढे रोज लंका उभी करायची, हे बरं दिसतं का? शाळेतलं सोज्वळ नाव आहे ना तुमचं, ते घाला.

स्वतः रावसाहेबांच्या मुलांची नावं राम आणि लक्ष्मण होती आणि त्या दोघांचा मधल्या भिंतीवरून चार वर्षं दिवाणी कोर्टात दावा चालू होता. पण हे लंकेला घरी गेल्यावर आठवलं. योग्य उत्तरं तिला नेहमी घरी गेल्यावरच आठवत.

समितीने ठराव केला. वाचनालयाचे चिटणीस देवराम मास्तर यांनी तो स्वच्छ अक्षरात लिहून पाठवला, की देणगीदार कन्येने ‘लंका’ या नावाचा अर्थ, उगम व औचित्य यांचा लेखी खुलासा सादर करावा, तोवर कपाट आत घेऊ नये. देवराम मास्तर दुष्ट नव्हते. ते फक्त नियमाने चालत, आणि नियम नसला तर तो येईपर्यंत उभे राहत.

लंकेला हे फार लागलं. वाचनालयाच्या भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या होत्या. एक भिकाजी होते, एक केरोबा होते. खुद्द तिच्या वडिलांचं नाव धोंडीराम, म्हणजे आधी दगड आणि मागून राम. दगडाचा खुलासा कुणी मागितला नव्हता. केराचं औचित्य कुणी विचारलं नव्हतं. बत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाने मुलीचं नाव ठेवलं, ते मात्र ठरावात गेलं.

कपाट गल्लीतच राहिलं. पहिल्या दिवशी लोक नुसते बघून गेले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर धोतर वाळत घातलं. चौथ्या दिवशी मागच्या बाजूला कोळशाने ‘अशोकवन इकडे’ असं लिहून बाण काढलेला सापडला. बाणाचं टोक समितीच्या खोलीकडे होतं, त्यामुळे लंकेने ते पुसलं नाही. पुढे फाल्गुनाचं ऊन तापलं, तेव्हा कमळाबाईंनी चौरंगावर चढून माथ्यावर कुरडया पसरल्या. मनमाडला फलाटावरसुद्धा वाळवण घालतात, असं त्यांनी सांगितलं. कुरडयांमुळे नाव झाकलं गेलं आणि आठवडाभर गल्ली शांत होती.

सल्ले मात्र थांबले नाहीत. कमळाबाईंचं म्हणणं असं, की मनमाड म्हणजे काय हे स्टेशनावर कुणी विचारत नाही, पाटी वाचतात आणि उतरतात. लंकेला हा सगळ्यांत शहाणा सल्ला वाटला, पण तो लेखी देता येण्यासारखा नव्हता. म्हणून ती एका शास्त्रीबोवांकडे गेली. त्यांनी कोश उघडला. लंका म्हणजे फांदी, ते म्हणाले. लंका म्हणजे एक प्रकारचं धान्य. मग त्यांनी पुढचा अर्थ मनातल्या मनात वाचला, कोश मिटला आणि म्हणाले, “धान्यच लिहा.”

तो कोश लंकेकडेही होता. तिने घरी येऊन पुढचा अर्थ पाहिला. तो चारित्र्यहीन बाईबद्दल होता. कोश मिटून तिने कपाळाला हात लावला आणि तात्यांच्या रिकाम्या झोपाळ्याकडे असं पाहिलं, की तो थोडा हलला असावा.

पंचांग करणाऱ्या एका जोशांनी मात्र तिचं स्वागत केलं. त्यांच्या शास्त्रात लंकेला फार मान होता. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा विषुववृत्ताला जिथे मिळते ती लंका, आणि साऱ्या उदयास्तांचं गणित तिथून सुरू होतं. हे त्यांनी दीड तास सांगितलं. लंकेने टिपणं काढली, घोटून खुलासा लिहिला, समितीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी देवराम मास्तरांचं उत्तर आलं, की सदर खुलासा मननीय आहे, परंतु वाचनालय विषुववृत्तावर नसल्याने तो लागू होत नाही.

त्याच शनिवारी कपाट पेटलं. कुणी एक बाई मारुतीला दिवा घेऊन आली, पदर सावरायला म्हणून तिने दिवा कपाटाच्या कडेवर ठेवला, आणि सावरता सावरता ओळखीची कुणी भेटली. कपाटाचा कोपरा आणि वाळलेल्या कुरडया धरून चांगला जाळ झाला. पाणी ओतून विझवलं तेव्हा ‘कन्या’ जळाली होती, ‘लंका’ शाबूत होती. रावसाहेब गंभीरपणे म्हणाले की त्यांना याची कल्पना होती. सबंध गल्लीत कुरडयांचा खमंग वास दरवळत होता आणि कमळाबाई मारुतीला पाठ करून उभ्या होत्या.

सलाउद्दीन डबे घेऊन पुन्हा आला. त्याने जळका भाग खरवडला, निगुतीने ‘कन्या’ परत काढली. लंका शेजारी उभी होती. “बाई,” तो ब्रश पुसत म्हणाला, “माझ्या नावाचं कुणी विचारलं तर मी सांगतो, बापानं ठेवलं. पुढचं कुणी विचारत नाही. तुमच्या लोकांना फार वेळ असतो.”

एवढ्यात देवराम मास्तर नवी अडचण घेऊन आले. अर्थ राहू द्या, ते म्हणाले. मुळात हे नाव तुमचं आहे कशावरून? शाळेत जानकी. सासरी जानकी. तिने जन्माची नोंद काढायचं ठरवलं आणि नगरपालिकेत दोन सकाळी घालवल्या. नोंद सापडली. तीत वडिलांचं नाव होतं, गल्ली होती, आणि पुढे ‘मुलगी’ एवढाच शब्द होता. तिच्या लंका असण्याचा साक्षीदार एकच होता, आणि त्याच्या नावानेच तर कपाट होतं.

मग देवराम मास्तरांनीच मार्ग काढला. वडनेरे मूळचे कळवणचे. कळवणकरांच्या वह्या रामकुंडावरच्या ज्या उपाध्यांकडे आहेत, तिथे पिढ्यान् पिढ्यांची नावं लिहिलेली असतात, यजमानाच्या सहीनिशी. मुलींची नावं सहसा नसतात, पण बघायला काय हरकत. ते स्वतः साक्षीला आले.

उपाध्ये लाल फडक्यातल्या वहीची गाठ सोडत होते. वडनेरे म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. “त्या तुम्ही का,” ते म्हणाले. आणि मग त्यांनीच तक्रार सुरू केली. माणसं वहीत येतात ती कुणी गेलं की येतात. श्राद्ध झालं, नाव लिहिलं, सही केली, गेले. पण हे गृहस्थ दरवर्षी माघात यायचे. कुणी गेलेलं नाही, काही विधी नाही. वही मागायचे, स्वतःची दौत आणायचे, एक ओळ लिहायचे आणि चालू लागायचे. “मी म्हटलं त्यांना, ही काय शाळेची हजेरी आहे? तर म्हणाले, हो.”

त्यांनी वही उलटी फिरवून लंकेपुढे ठेवली.

एकोणीसशे तीन सालची नोंद होती. तात्या आपल्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. खाली मुलं लिहिली होती. रामचंद्र, मयत. सीता, मयत. भरत, मयत. लंकेने ही नावं कधी ऐकली नव्हती. तिच्याआधी कुणी होतं, एवढंच तिला माहीत होतं. आई त्याबद्दल बोलत नसे. मग, ‘कन्या लंका, वय दोन महिने.’ आणि त्याखाली तात्यांचं पोस्टातलं ठाशीव अक्षर:

‘या गावच्या देवाच्या घरची तीन नावे ठेवली. तिन्ही त्याने परत नेली. हे त्याच्या वैऱ्याच्या गावचे आहे. हे मागायला तो येणार नाही. मी त्याच्याशी बोलत नाही.’

समासात दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने बारीक लिहिलं होतं, ‘यजमानास समजावले. ऐकत नाहीत.’ ते आपल्या वडिलांचं अक्षर, उपाध्ये जरा वरमून म्हणाले.

पुढचं पान ओळींनी भरलं होतं. दर वर्षाची एक. ‘लंका, वय एक. आहे.’ ‘लंका, वय दोन. आहे.’ सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या; त्या ओळीतलं ‘आहे’ दोनदा गिरवलेलं होतं. सोळाव्या वर्षीही लंकाच होती; सासरच्या तांदळांची वहीला खबर नव्हती. बाविसाव्या वर्षी, ‘परत आली. आहे.’ शेवटची ओळ ताजी होती. ‘लंका, वय चौतीस. आहे.’ तारीख त्या गुरुवारची होती.

लंकेने बोट त्या ओळीवर ठेवलं आणि लगेच उचललं. शाई कधीच वाळली होती.

देवराम मास्तरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. मग वही तिरकी धरून उजेडात पाहिली. “दर ओळीची शाई वेगळी आहे,” ते म्हणाले. “एका बैठकीत केलेलं नाही. नोंद खरी आहे.” त्यांच्या तोंडून याहून मोठं काही कुणी ऐकलेलं नव्हतं.

बैठक गुरुवारी सकाळीच होती. कपाट दाराबाहेर उभं होतं. सलाउद्दीन माथ्यावर शेवटचा वार्निशचा हात देत होता, आणि कमळाबाई नव्या कुरडया घालायला मिळतील का ते बघायला आल्या होत्या. आत रावसाहेबांनी तडजोड मांडली, की नुसतं ‘कन्येकडून’ लिहावं. कुणाचंच मन दुखणार नाही. लंकेच्या हातात कागद होता. त्यावर तिने पहाटे उठून खुलासा लिहायला घेतला होता आणि कागद कोराच राहिला होता. तीन मुलांची नावं या माणसांच्या मेजावर ठेवायची, त्यावर पाचांनी मतं द्यायची, हे तिच्याने होईना.

देवराम मास्तरांनी हात पुढे केला, तो कोरा कागद घेतला, शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला आणि इतिवृत्तात लिहिलं, तेही मोठ्याने म्हणत, “खुलासा मिळाला. समाधानकारक. दप्तरी ठेवण्याची गरज नाही.”

रावसाहेबांनी कागद पाहायला मागितला. नियमाप्रमाणे आधी हजेरी व्हायला हवी, असं मास्तर म्हणाले, आणि हजेरी घेऊ लागले. एकेक सभासद ‘हजर’ म्हणाला. मग मास्तरांनी देणगीदारांच्या यादीवर नजर टाकली.

“जानकीबाई पिंगळे.”

लंका बोलली नाही. ती समोरच होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मास्तरांनी पुन्हा तेच नाव घेतलं. ती दारातून बाहेर बघत होती. कपाटाच्या पलीकडे मारुतीचा कट्टा होता आणि कट्ट्यापाशी ती जागा, जिथे कुणीतरी थांबे, सावकाश वळे.

मास्तरांनी टाक उचलला, यादीतल्या नावावर सरळ रेघ मारली, आणि कधी न चढणारा आवाज थोडा चढवून म्हणाले, “लंका धोंडीराम वडनेरे.”

बाहेर सलाउद्दीनचा ब्रश थांबला. लंका दारापर्यंत गेली. गल्ली लांबवर रिकामी होती.

“ओ,” ती म्हणाली, चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं. “ओ, तात्या. आहे.”